लॉजमधलं शिक्षण आणि मेंटरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्याकडच्या फ्रीमेसन लॉजमधले (म्हणजे शाखांमधले) नवे ब्रदर, म्हणजे सभासद, त्यांना सांभाळून घेणारे ज्येष्ठ आणि यंदा खुर्चीवर बसलेले मास्टर, म्हणजे लॉजचे वर्षभराचे प्रमुख, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ओळखीच्या खुणा आणि शब्द सोडले तर फ्रीमेसनरी या बंधुसंघटनेत लपवण्यासारखं काही नाही. त्यामुळे हे पान घरच्यांनी वाचलं तरी चालेल, किंबहुना वाचावंच.

मेंटर म्हणजे नेमका कोण?

नव्या ब्रदरच्या हाताशी लॉजनं दिलेला एक अनुभवी मास्टर मेसन, म्हणजे तिन्ही डिग्री (सभासदत्वाचे टप्पे) झालेला ब्रदर. इनिशिएशनच्या (प्रवेशविधीच्या, म्हणजे पहिल्या डिग्रीच्या) आधीपासून तिसऱ्या डिग्रीनंतरच्या निदान वर्षभरापर्यंत त्यानं सोबत राहायचं असतं. कुठे बसायचं, केव्हा उभं राहायचं, उशीर झाला तर आत कसं यायचं, फेस्टिव्ह बोर्डवर (बैठकीनंतरच्या जेवणात) कोणाच्या नावानं टोस्ट होतो, हे सगळं त्यानं सांगायचं. पण ते काम चार-दोन बैठकांत संपतं. ‘आपण हे का करतो?’ हा प्रश्न नव्या माणसाच्या मनात उभा राहील तेव्हा त्याला विचारायला कुणीतरी असावं, ही खरी जबाबदारी.

इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजनं (तिथल्या लॉजच्या शिखर संस्थेनं) मेंटर हे लॉजमधलं रीतसर पदच केलं आहे. आपल्याकडे ज्या लॉजमध्ये असं पद नाही, तिथेही मास्टरनं एका माणसाचं नाव घेऊन ‘हा ब्रदर तुमच्याकडे’ असं सांगावं. सगळ्यांनी मिळून लक्ष ठेवायचं ठरलं की कोणीच ठेवत नाही.

प्रपोजर असताना वेगळा मेंटर कशाला?

प्रपोजर, म्हणजे नव्या माणसाचं नाव सुचवणारा, बहुतेक वेळा मित्र, मेहुणा, भागीदार किंवा ऑफिसातला साहेब असतो. त्याच्यासमोर ‘मला हे काही समजलं नाही’ असं म्हणणं जड जातं. शिवाय ज्याला माणूस आणायची हौस आहे त्याच्याकडे शिकवायची चिकाटी असेलच, असं नाही. प्रपोजरची नैतिक जबाबदारी राहतेच. मेंटर मात्र दुसरा द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रिच्युअल पाठ झालं की शिक्षण झालंच ना?

नाही. आपल्या लॉजमध्ये सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज हाच आहे.

रिच्युअल म्हणजे समारंभाचे ठरलेले शब्द; त्यांच्या पाठांतराला मी कमी लेखत नाही. पुस्तकात न बघता, समोरच्या उमेदवाराच्या डोळ्यांत बघून चार्ज (त्याला उद्देशून केलेला उपदेश) म्हणणाऱ्या मास्टरचा परिणाम वेगळाच होतो. पाठ केलेलं वाक्य वर्षानुवर्षं मनात राहतं आणि एखाद्या अडचणीच्या दिवशी अचानक उलगडतं, हेही खरं. पण पाठांतर हे शिक्षणाचं एक साधन आहे. लॉजमध्ये अडखळणाऱ्याला तीन बाजूंनी शब्द पुरवले जातात. त्या वाक्याचा अर्थ काय, हे मात्र त्याला कोणी विचारत नाही.

गंमत पाहा, आपल्या रिच्युअललाच हे मान्य नाही. पहिल्या डिग्रीच्या (गवंड्याच्या, प्रतीक म्हणून वापरलेल्या) हत्यारांत छिन्नी आहे आणि ती कशासाठी, तर शिक्षणाचे फायदे दाखवण्यासाठी. हातोडा दगडाचे ओबडधोबड भाग उडवतो, छिन्नी त्याला आकार देते. जुनी लेक्चर्सही प्रश्नोत्तराच्या रूपात आहेत: पहिल्या डिग्रीचे सात भाग, दुसऱ्याचे पाच, तिसऱ्याचे तीन. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. ही लेक्चर्स घडवण्यात ज्याचा मोठा वाटा होता तो विल्यम प्रेस्टन एडिंबरोहून १७६० मध्ये लंडनला आलेला छापखान्यातला माणूस. समारंभामागचा विचार सभासदांना समजला पाहिजे, या एका ध्यासानं त्यानं आयुष्यभर काम केलं आणि १८१८ मध्ये जाताना मृत्युपत्रात दरवर्षीच्या व्याख्यानासाठी ३०० पौंड ठेवले. ती व्याख्यानं १८६२ नंतर बंद पडली, १९२४ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि प्रेस्टनच्याच नावानं आजही होतात.

मग लॉज ऑफ इन्स्ट्रक्शनला जायची गरज आहे का?

आहे, नक्की जा. समारंभांची तालीम तिथेच होते. चुकलं तर प्रिसेप्टर (तालीम घेणारा) थांबवतो, सांगतो, पुन्हा करून घेतो. लंडनची इम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट १८२३ पासून हेच करते आहे. तिथे समारंभ एकदाही न अडखळता पार पाडणाऱ्याला चांदीची काडेपेटी देण्याची प्रथा आहे. फक्त एक करावं. तालमीचा शेवटचा पाव तास अर्थासाठी राखावा. आज जो परिच्छेद घोटला त्यातलं एक वाक्य घ्यायचं आणि प्रत्येकानं आपल्याला त्यातून काय समजलं ते सांगायचं. सुरुवात सर्वांत नव्या ब्रदरपासून व्हावी. पास्ट मास्टर (माजी मास्टर) आधी बोलले की पुढचे सगळे मान डोलावतात.

रिच्युअल जुन्या इंग्रजीत आहे. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. मी मागे पडेन का?

हा प्रश्न सहसा उघडपणे विचारला जात नाही. ब्रदर हळू आवाजात मेंटरला विचारतो, किंवा विचारतच नाही आणि हळूहळू येणं बंद करतो. म्हणून उत्तर सविस्तर देतो.

रिच्युअलची भाषा दोन शतकांपूर्वीची आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यालाही ती पहिल्यांदा कळत नाही; त्याला फक्त उच्चार जमतात, आणि उच्चार जमले म्हणजे अर्थ कळला असं सगळे धरून चालतात. मराठी माध्यमाचा ब्रदर निदान थांबून विचारतो. माझ्या अनुभवात ज्यांनी एकेक वाक्य मराठीत फोडून समजून घेतलं, तेच पुढे सर्वांत जिवंत चार्ज देतात.

समारंभाचे शब्द आपापल्या लॉजमध्ये ठरलेले आहेत, ते बदलायचे नाहीत. पण त्यांच्याविषयी मराठीत बोलायला कोणाचीही आडकाठी नाही. मेंटर आणि ब्रदर घरी, हॉलच्या व्हरांड्यात, लोकलमध्ये मराठीतच बोलतात ना? मग अर्थही मराठीतच पोचवावा. चोवीस इंची पट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास. त्यातले काही प्रार्थनेला, काही काम आणि विश्रांतीला, काही अडल्या माणसासाठी. हे समजवायला जुनं इंग्रजी लागत नाही. त्या ब्रदरच्या कालच्या दिवसाचा हिशेब मांडला की पुरे. लेव्हल (पातळी तपासायचं हत्यार) दाखवताना हुद्दे-पदव्या दाराबाहेर ठेवून आत समान पातळीवर भेटणं सांगावं. ते ज्ञानेश्वर-तुकारामांच्या प्रांतातल्या माणसाला मुळीच परकं वाटत नाही.

आपल्या देशात लॉजच्या मधल्या चौरंगावर उमेदवाराच्या श्रद्धेप्रमाणे गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरू ग्रंथसाहिब असे वेगवेगळे ग्रंथ ठेवले जातात. शपथेसाठी माणसाचा स्वतःचा ग्रंथ चालतो, तर समजून घेण्यासाठी त्याची स्वतःची भाषाही चाललीच पाहिजे.

एक सूचना: मेंटरनं आपल्या लॉजमधल्या अवघड इंग्रजी शब्दांची मराठी अर्थांसह एक वही करावी. लॉजागणिक रिच्युअलचे शब्द थोडे बदलतात, कारण काहींची परंपरा इंग्रजी, काहींची स्कॉटिश. त्यामुळे दुसऱ्या लॉजची वही जशीच्या तशी उपयोगी पडेलच असं नाही.

दोन डिग्रींमध्ये किती काळ जावा?

इंग्रजी परंपरेत किमान चार आठवडे. पण किमान अंतर म्हणजे योग्य अंतर नव्हे. ब्रदरला पहिल्या डिग्रीचा समारंभ आपल्या शब्दांत सांगता आला, एकदा दुसऱ्याचं इनिशिएशन बाकावर बसून पाहता आलं, की पुढे जावं. दुसऱ्याचं इनिशिएशन पाहणं हा स्वतःच मोठा धडा आहे. आपल्या वेळी काय घडलं ते तेव्हा पहिल्यांदा कळतं.

अमेरिकेत काही ग्रँड लॉजनी एकाच दिवसात तिन्ही डिग्री देण्याचे कार्यक्रम केले. तिथली सभासदसंख्या १९५९ मध्ये सुमारे ४१ लाख होती, ती आज १० लाखांच्या खाली आहे. संख्या भरून काढायची धडपड समजण्यासारखी आहे. पण घाईनं आत आलेला घाईनंच बाहेर जातो. आपण त्या वाटेला जाऊ नये.

पहिल्या डिग्रीनंतर मेंटरनं नेमकं काय बोलावं?

त्याच रात्री काही नाही. त्या रात्री ब्रदर भारावलेला असतो, थोडा गोंधळलेलाही. त्याला घरी जाऊ द्या. दोन-तीन दिवसांनी फोन करा आणि आठवड्याच्या आत भेटा, शक्यतो लॉजच्या बाहेर.

पहिल्या भेटीत सांगू नका, विचारा. काय आठवतं? कुठे भीती वाटली? कोणता भाग लांबला असं वाटलं? कोणतं वाक्य डोक्यात राहिलं? त्यानं सांगितलेल्या वाक्यापासून सुरुवात करा, भले ते तुमच्या मते महत्त्वाचं नसेल. डोळ्यांवरची पट्टी, साधा पोशाख, अंगावर धातूची वस्तू नसणं, यातल्या प्रत्येकामागे कारण आहे. ते थेट सांगून टाकण्यापेक्षा ‘तुला काय वाटतं?’ असं आधी विचारलं तर तो आठ दिवस त्यावर विचार करतो.

दुसऱ्या भेटीत मोकळी लॉज दाखवा. बैठकीच्या दिवशी अर्धा तास आधी या. ट्रेसिंग बोर्ड (डिग्रीच्या प्रतीकांचा चित्रफलक), अनघड दगड आणि घडवलेला दगड, वॉर्डनांच्या (मास्टरखालच्या दोन अधिकाऱ्यांच्या) जागा, तीन मेणबत्त्या, काळी-पांढरी फरशी. त्याला हातात घेऊन बघू द्या. बैठक चालू असताना हे कधीच जमत नाही. तिसऱ्या भेटीत पुढच्या डिग्रीआधी विचारले जाणारे प्रश्न घ्या. आधी अर्थ, मग पाठांतर. हाच क्रम ठेवा. उलटा केला की अर्थाची पाळी येतच नाही.

दुसरी डिग्री सगळ्यांना कोरडी का वाटते?

कारण तिथे नाट्य कमी आहे आणि आपण ती उरकतो. वास्तविक अभ्यासाची डिग्री हीच. व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या सात विद्यांचा उल्लेख याच टप्प्यावर येतो. लॉजमध्ये अभियंते, डॉक्टर, वकील, गायन शिकलेले ब्रदर असतात. प्रत्येक फेलो क्राफ्टला (दुसरी डिग्री झालेल्या ब्रदरला) यातली एक विद्या निवडून दहा मिनिटं बोलायला सांगा. त्याला लॉजमध्ये पहिल्यांदा स्वतःचं काही सांगायची संधी मिळते, आणि ज्येष्ठांना कळतं की आपण कोणाला आत घेतलं आहे.

तिसऱ्या डिग्रीनंतर ब्रदर यायचे का बंद होतात?

कारण तिसऱ्या डिग्रीपर्यंत प्रत्येक बैठक त्याच्याविषयी असते आणि त्यानंतर एकही नसते. अॅप्रन मिळाला, अभिनंदन झालं, पुढच्या महिन्यात तो शेवटच्या बाकावर बसून मिनिट्सचं (मागच्या बैठकीच्या इतिवृत्ताचं) वाचन ऐकतो. पद मिळायला वर्षं लागतात. स्टुअर्ड, इनर गार्ड, दोन डीकन, दोन वॉर्डन, मग मास्टर, हा जिना एकेक वर्षाचा. मधल्या काळात त्याला कामच नसतं.

म्हणून तिसऱ्या डिग्रीच्या पुढच्याच बैठकीत त्याच्यावर एक छोटी पण खरी जबाबदारी द्या. पहिल्या डिग्रीची हत्यारं समजावून सांगणं हे उत्तम काम आहे. छोटं आहे, पाठ होतं आणि नव्या उमेदवाराच्या समोर उभं राहून करायचं असतं. अल्मोनरबरोबर (अडचणीतल्या ब्रदरची विचारपूस करणाऱ्या पदाधिकाऱ्याबरोबर) आजारी ब्रदरकडे किंवा दिवंगत ब्रदरच्या पत्नीकडे जाऊन येणं हे दुसरं. बंधुभाव म्हणजे काय हे ट्रेसिंग बोर्डापेक्षा त्या घरातल्या अर्ध्या तासात जास्त कळतं. आणि दुसऱ्या लॉजला भेट द्यायला त्याला सोबत न्या. एकटा तो जाणार नाही.

सलग दोन बैठकांना ब्रदर आला नाही तर मेंटरनं फोन करावा, सेक्रेटरीनं नाही. सेक्रेटरीचा फोन आला की त्याला वाटतं वर्गणी राहिली असेल.

लॉजमध्ये धर्म आणि राजकारण वर्ज्य आहे. मग चर्चा करायची तरी कशावर?

सचोटीवर, वेळेच्या वापरावर, रागावर, दानावर, मृत्यूवर. तिसरी डिग्री मृत्यूचा सामना कसा करावा याविषयीच आहे. विषयांची टंचाई नाही. वर्ज्य आहे ते एकमेकांची श्रद्धा किंवा पक्ष वादात आणणं.

बैठकीत आधीच उशीर होतो. शिक्षणाला वेळ कुठून आणायचा?

मिनिट्स आधी पाठवून ठेवा आणि बैठकीत फक्त कायम करा. दहा मिनिटं सुटतात. तीच द्या. दहाची वीस होऊ देऊ नका, नाहीतर दोन महिन्यांत तो उपक्रम लोक टाळायला लागतील.

लॉजचा इतिहास शिकवायला कुठून सुरुवात करावी?

१७१७ च्या लंडनपासून, म्हणजे पहिल्या ग्रँड लॉजपासून, नको. आपल्या दारापासून करा.

मुंबईत लॉज १७५८ पासून आहे, पण बराच काळ ती युरोपियनांपुरती होती. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना प्रवेश हवा होता. इंग्रजी लॉजची दारं उघडली नाहीत, म्हणून ते पॅरिसमध्ये मेसन झाले. परत आल्यावरही मुंबईच्या लॉजमध्ये त्यांना घेण्याविषयी कुरकुर होतीच. तेव्हा स्कॉटिश परंपरेचे इथले प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज भारतीय माणसांसाठी काढली. पुढे खुर्शेदजी रुस्तमजी कामांसारखा विद्वान सुधारक याच परंपरेत घडला. माणेकजींनी १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा सुरू केली. जो माणूस दाराबाहेर थांबवला गेला, त्यानं दुसऱ्यांसाठी दार उघडलं. नव्या ब्रदरला समतेविषयी सांगायचं तर याहून चांगला धडा मला माहीत नाही. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थांना प्रवेश मिळायला तर अनेक वर्षं झगडावं लागलं. तो १८७२ मध्ये मिळाला.

दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता, मोतीलाल नेहरू, कलकत्त्यात तरुणपणी नरेंद्रनाथ म्हणून दाखल झालेले स्वामी विवेकानंद ही नावं सगळे घेतात. घ्यावीत. पण नावांची यादी म्हणजे इतिहास नव्हे. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी इंग्लंड, आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या संमतीनं ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली, रामपूरचे नवाब पहिले ग्रँड मास्टर झाले. त्या वेळी आपल्या लॉजनं काय ठरवलं, नवी ग्रँड लॉज स्वीकारली की जुनीच ठेवली, कोण काय बोललं? हे बहुधा तुमच्याच कपाटातल्या जुन्या मिनिट बुकात असेल. एका नव्या ब्रदरला आणि एका ज्येष्ठाला मिळून ते बुक वाचायला द्या. पानं ठिसूळ असतील तर आधी नीट फोटो काढून ठेवा.

संशोधनाची आवड असेल तर?

लंडनच्या क्वाटुओर कोरोनाटी लॉज क्र. २०७६ ची माहिती घ्या. १८८४ मध्ये सनद मिळालेली ही जगातली पहिली संशोधन लॉज. दंतकथा बाजूला ठेवून कागदपत्रांवरून इतिहास लिहायची शिस्त तिनं घातली. तिच्या पत्रसदस्य मंडळात जगभरातून सामील होता येतं आणि वार्षिक शोधनिबंध वाचायला मिळतात. याशिवाय इंग्लंडच्या ग्रँड लॉजचं ‘सॉलोमन’ हे ऑनलाइन शिक्षणदालन डिग्रीनुसार विभागलेलं आहे. मेंटरला तयारीसाठी ते फार उपयोगी पडतं. त्यातला मजकूर वाचून आपल्या लॉजला लागू होईल तेवढाच घ्या.

इंटरनेटवर सगळं रिच्युअल मिळतं. आधीच वाचलं तर काय बिघडतं?

तुमचाच अनुभव बिघडतो. डिग्री एकदाच पहिल्यांदा मिळते. ती झाल्यावर हवं तेवढं वाचा, पण जे वाचलं ते मेंटरसमोर ठेवा, कारण त्यात कुठली परंपरा, किती जुनी आणि किती मनची, हे नव्या माणसाला ओळखता येत नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर शिकवलं तर चालेल का?

बैठकीची तारीख, वाढदिवस, एखादा चांगला लेख, इतपत ठीक. रिच्युअलचा मजकूर, आतले फोटो, बॅलटविषयीची (नव्या सभासदाला घेण्याच्या गुप्त मतदानाविषयीची) चर्चा अजिबात नाही. आणि ग्रुपवर शंभर संदेश पाठवणारा मेंटर एका प्रत्यक्ष भेटीची जागा घेऊ शकत नाही.

घरच्यांना काय सांगू?

लपवाछपवीतून आलेला संशय घरात राहू देऊ नका. बैठका कधी, कुठे, खर्च साधारण किती, मदत कोणाला जाते, देवावर श्रद्धा लागते पण विशिष्ट धर्म लागत नाही, हे सगळं सांगता येतं. इनिशिएशनच्या आधी मेंटरनं घरी जाऊन पत्नीशी, आईवडिलांशी एकदा बोलावं. त्यांच्या शंका त्यांना थेट विचारू द्या. कुटुंबासह होणाऱ्या कार्यक्रमाला वर्षातून एकदा तरी बोलवा.

मेंटर आणि ब्रदरचं जमलं नाही तर?

मास्टरला सांगा, बदला. कोणाचाही कमीपणा नाही.

आमची लॉज लहान आहे, नियमित येणारे दहा-बाराच. मेंटर कुठून आणू?

एकाच हॉलमध्ये बसणाऱ्या दोन-तीन लॉजनी मिळून मेंटर वाटून घ्यावेत. आणि खुर्चीवरून नुकताच उतरलेला मास्टर विसरू नका. वर्षभर सगळ्यांच्या मध्यभागी असलेला माणूस एकाएकी रिकामा होतो. त्याच्या हातात अनुभव ताजा असतो. मात्र तीन वर्षांच्या आतला मास्टर मेसनही चांगला मेंटर होऊ शकतो, कारण आपल्याला काय कळलं नव्हतं हे त्याला अजून आठवतं.

मास्टर दरवर्षी बदलतो. नव्यानं उपक्रम बंद केला तर?

म्हणून मेंटरची नेमणूक मास्टरच्या वर्षाला बांधू नका. सीनियर वॉर्डन आणि ज्युनियर वॉर्डनला सुरुवातीपासून सोबत घ्या, म्हणजे पुढची दोन वर्षं ज्यांच्या हातात खुर्ची जाणार त्यांनाच तो उपक्रम आपला वाटेल. एक साधी नोंदवही ठेवा: कोणता ब्रदर, मेंटर कोण, केव्हा भेटले, कशावर बोलले, पुढची भेट कधी. इन्स्टॉलेशनच्या (नवा मास्टर खुर्चीवर बसतो त्या) बैठकीआधी ती वही नव्या मास्टरच्या हाती द्या आणि त्याच्यासोबत बसून प्रत्येक नावावरून एकदा बोट फिरवा.